तुटण्याआधी तार कडक होते

बांधकामावर सळया एकमेकींना बांधण्यासाठी मऊ लोखंडी तार वापरतात, ती तुम्ही पाहिली असेल. तिचा वीतभर तुकडा घ्या आणि दोन्ही हातांनी ओढून तोडण्याचा प्रयत्न करा. वर्गातल्या पहिलवानालाही ते जमणार नाही. आता तोच तुकडा मधोमध वाकवा, सरळ करा, पुन्हा वाकवा. प्रत्येक खेपेला लागणारा जोर अगदी किरकोळ असतो. पण काही खेपांनंतर तारेचे दोन तुकडे होऊन हातात येतात. (टोके धारदार असतात, तेव्हा जपून.) प्रयोग करताना आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्या. वाकवलेली जागा पुन्हा सरळ करायला पहिल्यापेक्षा जास्त जोर लागतो. म्हणजे तुटण्याआधी तार ढिली पडत नाही, उलट कडक होत जाते.

आगगाड्या नव्या होत्या त्या काळी इंजिनियरांना याच गोष्टीने कोड्यात टाकले होते. १८४२ साली व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा अ‍ॅक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा कणा, मोडला आणि पन्नासहून अधिक माणसे प्राणास मुकली. असे भक्कम कणे रोजच्याच भाराखाली का मोडावेत? ऑगस्ट व्होलर या जर्मन रेल्वे इंजिनियराने पुढे कित्येक वर्षे प्रयोग करून उत्तर शोधले. जो भार धातू एकदा सहज पेलतो, तोच लाखो वेळा पडत राहिला तर धातू मोडू शकतो. एकदा किती भार पडला एवढेच विचारून भागत नाही, तो किती वेळा पडला हेही विचारावे लागते. या प्रकाराला ‘धातूंचा थकवा’ असे नाव मिळाले.

थकवा हा शब्द माणसांकडून उसना घेऊन धातूंना दिला गेला. या लेखात तो आपण माणसांकडे परत नेणार आहोत, कारण एक काम असे आहे की त्यात माणसे नेमकी या तारेसारखी झिजतात. ते काम म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींना पगारावर सांभाळणे.

काम कसे असते?

आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून हा विषय हसण्यावारी नेण्याची रीत आहे. ती चुकीची आहे. स्मृतिभ्रंश, ज्याला डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात, हे वय वाढल्याचे साधे लक्षण नसून मेंदूच्या विकारांचे फळ आहे. यांपैकी सर्वांत जास्त आढळणारा विकार म्हणजे अल्झायमर. १९०१ साली फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ५१ वर्षांची एक स्त्री दाखल झाली. तिच्या मृत्यूनंतर, १९०६ साली, अलॉइस अल्झायमर या डॉक्टरांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यांना चेतापेशींबाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आत तंतूंचा गुंता दिसला. या पेशी हळूहळू मरत जातात. त्यांच्याबरोबर आधी नव्या आठवणी जातात, मग वाट, वेळ, माणसांची ओळख, आणि शेवटी घास गिळण्याची क्रियासुद्धा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना स्मृतिभ्रंश होता. आपल्या देशातील एका राष्ट्रव्यापी पाहणीवरून काढलेला अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख व्यक्तींना हा विकार आहे. यांतील बहुतेकांना घरचीच माणसे सांभाळतात. पण मुले परगावी, सून नोकरीला, घर तीन खोल्यांचे, अशी स्थिती आली की पुण्या-मुंबईकडे ब्युरोला फोन जातो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक मावशी किंवा मामा उभे राहतात. पाळी बारा तासांची, कधी चोवीस तासांची. चोवीस तासांची याचा अर्थ तिथेच राहायचे, रुग्णाच्या खोलीत खाली अंथरूण टाकून झोपायचे आणि तो उठला की उठायचे.

उचलणे, आंघोळ घालणे, कपडे बदलणे, भरवणे, हे कष्ट डोळ्यांना दिसतात. पाठही त्यानेच जाते. परंतु या कामाचे खरे ओझे वजनकाट्यावर येत नाही. समजा, एक आजी संध्याकाळी दिवेलागणीला अस्वस्थ होतात. “मला घरी जायचंय. आई वाट बघत असेल,” असे म्हणतात. त्या स्वतःच्याच घरात आहेत आणि त्यांची आई जाऊन चाळीस वर्षे झाली आहेत. मावशी सांगते, “आजी, हेच तुमचं घर.” पाच मिनिटांनी तोच प्रश्न. पुन्हा तेच उत्तर. बारा तासांच्या पाळीत आजींनी दर पाच मिनिटांनी एकदा विचारले, तर एकूण किती वेळा विचारले? १४४ वेळा. महिन्याला २६ पाळ्या धरल्या तर ३,७४४ वेळा. (आम्हा शिक्षकांना एका तासात तीच शंका तिसऱ्यांदा आली की आवाज चढतो, हे तुम्ही जाणताच.) त्यात भर म्हणजे चष्मा सापडला नाही की, “हिनंच चोरला!” आंघोळीच्या वेळी मारणे, ओरबाडणे, चावणे.

आजारी मुलाची शुश्रूषा करणारी परिचारिकाही थकते. पण मूल बरे होऊन हसत घरी जाते, आणि तो दिवस तिला पुढचे कित्येक दिवस पुरतो. इथे तो दिवस येत नाही. रुग्ण महिन्यागणिक खालीच जाणार हे ठरलेले. आणि ज्याच्यासाठी एवढे केले त्याला उद्या सकाळी तुमचे नावही आठवणार नाही.

रॉकेटमधला शब्द

अशा कामातून येणाऱ्या अवस्थेला ‘बर्नआउट’ म्हणतात. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात हा शब्द तुम्हाला रॉकेटच्या प्रकरणात भेटेल. रॉकेटमधले इंधन जळून संपते त्या क्षणाला बर्नआउट म्हणतात. गंमत अशी की त्या क्षणी रॉकेट थांबत नाही. जडत्वामुळे ते वर जातच राहते. लांबून पाहणाऱ्याला वाटते, सारे ठीक चालले आहे. माणसाचेही असेच होते. आतले इंधन संपल्यावरही तो सवयीने वेळेवर येतो, औषधे देतो, चादर बदलतो. म्हणून हा प्रकार बाहेरच्यांच्या लक्षात फार उशिरा येतो.

माणसांच्या बाबतीत हा शब्द शास्त्रीय लेखनात रूढ करण्याचे श्रेय हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाला देतात. न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात काम करताना, सुरुवातीला झपाटून काम करणारे सहकारी काही काळाने विझून गेलेले त्याने पाहिले आणि १९७४ साली त्यावर निबंध लिहिला. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठातील ख्रिस्टिना मॅसलॅक यांनी सुसान जॅक्सन यांच्या साहाय्याने, १९८१ साली, ही अवस्था मोजण्याची प्रश्नावली तयार केली. तीत २२ विधाने होती. ‘मोजता येते’ म्हटल्यावर आमच्यासारख्यांचे कान टवकारतात! अर्थात ही मोजणी फूटपट्टीची नव्हे. माणसाने स्वतःविषयी दिलेल्या उत्तरांची आहे. पण तीतून बर्नआउटचे तीन पैलू वेगळे काढता आले. पहिला, भावनिक थकवा. तिसरा, आपल्या हातून काहीच चांगले होत नाही ही भावना. आणि या दोहोंमधला दुसरा पैलू मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: समोरच्या माणसाला माणूस समजेनासे होणे.

हा दुसरा पैलू म्हणजेच आपली कडक झालेली तार. पहिल्या महिन्यात मावशी म्हणते, “आज आजींनी पोटभर खाल्लं.” वर्षभराने म्हणते, “पेशंटचं जेवण उरकलं.” नातेवाइकांना वाटते, बाई निबर आहे, हिला माया नाही. प्रत्यक्षात हा निबरपणा बहुधा तिचा स्वभाव नसतो. रोज १४४ वेळा वाकवले गेल्यावर मन स्वतःला जपण्यासाठी कडक होते. तारेवरून आपण हेही जाणतो की, हा कडकपणा मजबुतीचा नसून मोडण्याच्या वाटेवरचा टप्पा आहे.

या वाकवण्याला अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ साली ‘भावनिक श्रम’ असे नाव दिले. त्यांनी अभ्यास केला होता विमानातील परिचारिकांचा: पोटात राग असो की दुःख, चेहऱ्यावर हसू ठेवणे हाच नोकरीचा भाग. हमालाच्या डोक्यावरचे पोते सर्वांना दिसते. शांत आवाजात दिलेले एकशे चव्वेचाळिसावे उत्तर पगाराच्या हिशेबात कुठेच येत नाही.

इथे एक खुलासा हवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मान्य केलेल्या रोगांच्या वर्गीकरणात, म्हणजे त्याच्या अकराव्या आवृत्तीत, बर्नआउटची नोंद आहे; पण ती रोग म्हणून नव्हे. कामावरच्या दीर्घकाळ न आवरलेल्या ताणातून येणारी, कामाशी निगडित अशी ती घटना आहे, असे तेथे म्हटले आहे. मला हा भेद मोलाचा वाटतो. रोग म्हटला की आपण रोग्याला तपासतो; कामाशी निगडित घटना म्हटले की काम तपासावे लागते. नैराश्य हा मात्र आजार आहे, तो सुट्टीच्या दिवशीही पाठ सोडत नाही आणि त्यावर उपचार लागतात. बर्नआउटकडे दुर्लक्ष झाले तर नैराश्याचा धोका वाढतो.

जखम किती दिवसांत भरते?

“हे सगळे मनाचे खेळ,” असे म्हणणाऱ्यांसाठी एक प्रयोग सांगतो. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात जॅनिस किकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला. १९९५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांना सांभाळणाऱ्या १३ स्त्रिया आणि तेवढ्याच वयाच्या, पण असे काम नसलेल्या १३ स्त्रिया निवडल्या. प्रत्येकीच्या हातावर सारख्याच मापाची, ३.५ मिलिमीटरची, लहानशी जखम डॉक्टरांनी केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते पाहिले. दुसऱ्या गटाला सरासरी ३९.३ दिवस लागले. सांभाळणाऱ्या स्त्रियांना लागले ४८.७ दिवस. म्हणजे ९ दिवसांहून अधिक फरक, सुमारे २४ टक्के.

या स्त्रिया घरच्या होत्या, पगारी नव्हत्या, आणि संख्याही थोडी होती, हे खरे. पण ताणाची रसायने पगारपत्रक पाहून स्रवत नाहीत. हान्स सेली या शास्त्रज्ञाने १९३६ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले होते की, थंडी, इजा, विष, अतिश्रम, कारण कोणतेही असो, शरीराचा प्रतिसाद बराचसा सारखाच असतो. धोका जाणवला की मेंदूच्या तळाकडून निघालेला संदेश पोष ग्रंथीमार्फत मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना पोहोचतो आणि त्या कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात सोडतात. अ‍ॅड्रिनॅलिन तर त्याआधीच, चेतातंतूंच्या थेट हुकमावरून, सुटलेले असते. नाडी वाढते, रक्तात साखर येते, आणि ‘तातडीची नाहीत’ अशी कामे मागे ढकलली जातात. जखम भरणे हे त्यांपैकीच एक. वाघ मागे लागला असता ही व्यवस्था उत्तम आहे. वाघ पाच मिनिटांत तुम्हाला खातो किंवा सोडून देतो. पण दर पाच मिनिटांनी छोटासा वाघ येत राहिला तर?

त्यात झोपेची मोडतोड. निरोगी माणसात कॉर्टिसॉल पहाटे चढते आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते. स्मृतिभ्रंशात मेंदूतले दिवस-रात्रीचे घड्याळच बिघडते. रुग्ण दुपारी झोपतो, रात्री दोनला दार शोधत फिरतो. खाली अंथरुणावर झोपलेल्या मावशीचे घड्याळ आजींच्या घड्याळाला बांधलेले असते.

मंडपातली शिट्टी

गणेशोत्सवात ध्वनिक्षेपकासमोर कुणी मायक्रोफोन नेला की कर्कश शिट्टी वाजते, हे तुम्ही ऐकले असेल. मायक्रोफोनमध्ये शिरलेला बारीकसा आवाज मोठा होऊन ध्वनिक्षेपकातून निघतो, तोच पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो, आणखी मोठा होतो. याला फीडबॅक म्हणतात. या शिट्टीत दोष मायक्रोफोनचा नसतो, ध्वनिक्षेपकाचाही नसतो. दोष असतो त्यांच्या मांडणीत.

सांभाळणारा आणि रुग्ण यांच्यात असेच वर्तुळ तयार होते. अल्झायमरमध्ये मेंदूतील हिपोकॅम्पस हा भाग लवकर बाधित होतो, त्यामुळे नवीन घटना लक्षात राहत नाहीत. पण भावना? अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली अल्झायमरच्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रपटांचे तुकडे दाखवले. काय पाहिले ते रुग्ण लवकरच विसरले. पण मनात उमटलेले दुःख किंवा आनंद त्यानंतरही टिकून राहिला. म्हणजे मावशी खेकसली हे आजी विसरतील, पण खेकसण्याने आलेली भीती विसरणार नाहीत. कारण न कळणारी भीती घेऊन त्या आंघोळीला जातील आणि तिथे मावशीला ओरबाडतील. मावशी आणखी कडक होईल. शिट्टी वाढतच जाते.

इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथे काम करणारे टॉम किटवुड यांनी १९९७ सालच्या आपल्या पुस्तकात मांडले होते की, स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचे जे बिघडते ते सगळेच मेंदूच्या झिजेमुळे नसते. त्याच्याशी आजूबाजूची माणसे कशी वागतात याचाही त्यात वाटा असतो. त्यांनी आग्रह धरला की रोगाआधी माणूस पाहा. ते बरोबरच होते. पण जिला वर्षभर कुणी माणूस म्हणून पाहिले नाही, तिने रुग्णाकडे माणूस म्हणून पाहावे ही अपेक्षा जरा महाग आहे.

भार तोच, मग फरक कशाने पडतो?

रॉबर्ट कारासेक या अमेरिकन संशोधकाने १९७९ साली स्वीडन आणि अमेरिकेतील कामगारांची माहिती तपासून एक गोष्ट पुढे आणली. नुसत्या जास्त कामाने माणूस जितका खचतो, त्याहून कितीतरी अधिक तो जास्त काम आणि स्वतःच्या कामावर कमी ताबा या जोडीने खचतो. शस्त्रवैद्याचे काम काही हलके नसते. पण काय करायचे ते तो ठरवतो. मावशीला आजींची आंघोळ सकाळऐवजी दुपारी, त्यांचा मूड पाहून घालायची परवानगी असते का? चहा कधी घ्यायचा हे तरी ती ठरवते का? रुग्णाला सर्वांत जवळून ओळखणारी तीच, आणि डॉक्टर आले की खोलीबाहेर उभी राहणारीही तीच.

म्हणून उपाय कामाच्या मांडणीत शोधायला हवेत. सेविकांसाठी एक दिवस योगासनांचे शिबिर घ्यायचे आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा चोवीस तासांची पाळी लावायची, हे तडा गेलेल्या कण्याला रंग देण्यासारखे आहे. (योगासनांशी माझे वैर नाही, रंग लावायलाही हरकत नसते.) रात्री जागलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी झोप मिळणे, आठवड्याची सुट्टी खरोखर मिळणे, दर दोन-तीन तासांनी घरातल्या कुणीतरी वीस मिनिटे आजींजवळ बसणे, ही कामे साधी दिसतात, पण भाराच्या आवर्तनांमध्ये खंड पाडणारी तीच आहेत. धातुकामात कडक झालेली तार तापवून सावकाश थंड करतात, म्हणजे ती पुन्हा मऊ होते. मात्र एकदा चीर पडली की या उपायाचा उपयोग नसतो. विश्रांती वेळेत हवी, ती यासाठी.

दुसरी गोष्ट प्रशिक्षणाची. “आई वाट बघत असेल,” याला “तुमची आई कधीच गेली,” हे खरे उत्तर आहे. पण ते ऐकून आजींना दर वेळी नव्याने धक्का बसतो. जाणती सेविका विचारते, “आई काय करायची हो तुमच्यासाठी?” आजी पुरणपोळीविषयी बोलू लागतात आणि घरी जाणे बाजूला राहते. ओरबाडणे हा राग नसून भीती आहे, चोरीचा आळ हा मेंदूने रिकामी जागा भरण्याचा प्रयत्न आहे, हे एकदा समजले की तोच फटका तेवढा लागत नाही. ब्युरोकडून येणाऱ्या कित्येक जणींना हे कुणी सांगितलेलेच नसते.

सांगून फरक पडतो का? गोव्यात यावर प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. स्मृतिभ्रंशाचे रुग्ण असलेली ८१ कुटुंबे घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाच्या घरी थोडे प्रशिक्षण घेतलेले स्थानिक सल्लागार जात राहिले. ते डॉक्टर नव्हते. रोग समजावून देणे, अवघड वागण्याला कसे तोंड द्यावे ते सांगणे आणि सांभाळणाऱ्याचे ऐकून घेणे, एवढेच त्यांचे काम. गरज पडल्यास मागे तज्ज्ञ होतेच. दुसऱ्या गटाला ही मदत सहा महिन्यांनंतर मिळायची होती. सहा महिन्यांनी पहिल्या गटातील सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी आढळला.

ही मदत घरच्या माणसांसाठी होती. पगारी सेविकेचे म्हणणे ऐकून घ्यायला घरी कोण येणार? आपल्या राज्यात घरेलू कामगारांसाठी २००८ सालचा कल्याण मंडळाचा कायदा आहे. पण बंद दारामागे मावशी किती तास जागी राहिली हे तिथे मोजले जात नाही. ते त्या घरातल्या लोकांनाच मोजावे लागते. तुमच्या घरी, शेजारी किंवा नात्यात अशी मावशी वा मामा असतील, तर त्यांची पाळी किती तासांची आहे आणि मागची पूर्ण रात्रीची झोप कधी झाली, हे विचारून पाहा. उत्तर देताना त्यांचा आवाज अगदी सपाट लागला, किंवा “आता काहीच वाटत नाही” असे त्या म्हणाल्या, तर घरातल्या मोठ्यांना सांगा. शिवाय केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा आहे. तिचा क्रमांक १४४१६. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते, आणि रात्री दोन वाजता आजी नुकत्याच झोपलेल्या असतानाही ती चालू असते.